एवढीशी गाडी अन् नऊशे रुपये : ऑनलाइन खेळण्याचा खरा भाव कसा काढायचा

आर्वी तालुक्यातल्या आमच्या गावात बसस्टँडसमोर माझं ऑनलाइन कामांचं दुकान आहे. सातबारा काढणं, पीकविम्याचे फॉर्म, रिचार्ज, शाळेचे दाखले आणि गेल्या काही वर्षांपासून ऑर्डरी. ज्यांना फोनवरून वस्तू मागवता येत नाही ते माझ्याकडे येतात, मी मागवून देते, पार्सल माझ्याच दुकानात उतरतं आणि पैसे ते रोख देतात. त्यामुळे गावात कोणी कशासाठी किती मोजले, हे माझ्या डोळ्यांसमोरून जातं.

मागच्या कापसाच्या हंगामात एक आजी वेचणीवरून थेट दुकानात आल्या. लुगड्याला कापसाचे धागे चिकटलेले. सोबत नातू, सात वर्षांचा. त्याने शेजारच्या पोराच्या फोनवर एक लाल गाडी पाहिली होती, बोटाएवढी.

"माय, हे गाडी मागवून दे बरं. पोट्टं दोन दिवसांपासून रुसून बसलं हाय."

मी शोधली. भाव ८९९ रुपये. वर १,४९९ खोडलेले आणि बाजूला हिरव्या अक्षरांत '४० टक्के सूट'.

"काहून व बाई, एवढीशी गाडी अन् नऊशे रुपये?" असं म्हणत म्हणतच आजींचा हात कमरेच्या बटव्याकडे गेला होता.

मी त्यांना थांबवलं. खाली सरकत गेले तर त्याच पानावर पाकिटाच्या मागच्या बाजूचा फोटो होता. मोठा करून पाहिला. छापील किंमत : १७९ रुपये. म्हणजे ७२० रुपये वरचे. त्या आठवड्यात आमच्याकडे वेचाई किलोला दहा रुपये होती. ७२० रुपये म्हणजे ७२ किलो कापूस. या वयात त्या दिवसाला तीस-पस्तीस किलो वेचतात. दोन दिवस कमरेत वाकून केलेलं काम, कोण्या तरी माणसाने फक्त एक आकडा टाइप करून मागितलं होतं.

त्या दिवशी मी ऑर्डर टाकली नाही. "आजी, मले चार दिवस द्या," म्हणाले. त्या चार दिवसांत काय केलं आणि तेव्हापासून प्रत्येक खेळण्यासाठी मी काय करते, ते इथे लिहिते. हे वाचून कोणाचे असे दोन दिवस वाचले तर मला तेवढंच हवं आहे.

आधी वस्तू नेमकी कोणती, ते ठरवा

सगळी लूट इथून सुरू होते. पोरगं म्हणतं 'लाल गाडी', आपण 'लाल गाडी' शोधतो, आणि समोर येतात चाळीस लाल गाड्या, चाळीस भावांच्या. कोणती साधी, कोणती खास, हे माहीत नसेल तर भाव जास्त की कमी हे कळणारच नाही.

छोट्या धातूच्या गाड्यांचंच उदाहरण घेते, कारण आमच्याकडे सगळ्यात जास्त त्याच मागवल्या जातात. हॉट व्हील्स ही मॅटेल या अमेरिकन कंपनीची मालिका, १९६८ साली १६ गाड्यांनी सुरू झाली. साधारण १:६४ या मापाची, म्हणजे खऱ्या गाडीच्या चौसष्टाव्या भागाएवढी. तिच्यात ढोबळमानाने तीन थर आहेत. पहिला साध्या गाड्यांचा, ज्यांना गोळा करणारे 'मेनलाइन' म्हणतात. प्लास्टिकची चाकं, निळं-केशरी पाकीट, कोट्यवधींनी बनतात. दुसरा 'प्रीमियम'चा. त्यात रबरी टायर असतात, तळ धातूचा असतो, छापील किंमतच बरीच जास्त असते. तिसरा थर म्हणजे साध्यांतच लपवून टाकलेल्या खास गाड्या. त्यांना 'ट्रेझर हंट' म्हणतात. १९९५ साली पहिल्यांदा आल्या तेव्हा १२ गाड्या होत्या आणि प्रत्येकीचे १०,००० नग काढले होते. पुढे २००७ पासून त्यातही 'सुपर' असा आणखी दुर्मीळ प्रकार आला.

ओळखायचं कसं? आजकालच्या साध्या ट्रेझर हंट गाडीवर गोलातल्या ज्वाळेचं बारीक चिन्ह असतं आणि गाडीच्या मागे, पाकिटाच्या पुठ्ठ्यावर ते चंदेरी छापलेलं असतं. सुपरच्या पुठ्ठ्यावर ते सोनेरी असतं, गाडीवर 'टीएच' अशी अक्षरं असतात, रंग आतून चमकल्यासारखा दिसतो आणि टायर रबरी असतात. हे काहीच नसेल तर ती साधी गाडी आहे. विकणाऱ्याने वर्णनात 'रेअर', 'लिमिटेड', 'कलेक्टर्स' असे दहा शब्द लिहिले असले तरी साधीच. हे शब्द लिहायला त्याला कोणी पुरावा मागत नाही.

म्हणून पहिलं काम : पाकिटावरचं गाडीचं नाव, मालिकेचं नाव, कोपऱ्यातला क्रमांक आणि रंग कागदावर उतरवा. शोध घेताना ते पूर्ण नाव टाका. आजींच्या नातवाची लाल गाडी साधी मेनलाइन होती. ना ज्वाळा, ना रबर.

बाहुल्यांचंही तसंच. मागच्या वर्षी बारावीतली एक मुलगी दात काढलेली, कानवाली बाहुली विचारत आली. लाबूबू. हाँगकाँगमध्ये जन्मलेल्या कासिंग लुंग या चित्रकाराने २०१५ मध्ये ती काढली आणि २०१९ पासून पॉप मार्ट ही चिनी कंपनी तिची खेळणी करते. ती बंद खोक्यात मिळते, आत कोणता रंग आहे हे उघडल्याशिवाय कळत नाही. बऱ्याच मालिकांत सहा नेहमीच्या आणि एक गुप्त असते, गुप्त निघण्याची शक्यता ७२ खोक्यांत एक. आता कोणी 'सीलबंद खोकं, गुप्त बाहुलीची खात्री' म्हणून दहापट भाव सांगत असेल तर तिथेच फोन ठेवा. खोकं खरंच सीलबंद असेल तर आत काय आहे हे त्यालाही माहीत नसतं.

छापील किंमत : पानावरची नाही, पाकिटावरची

भारतात पॅकबंद वस्तूवर कमाल किरकोळ किंमत छापावी लागते आणि त्याच्या वर ती विकता येत नाही. वैध मापनशास्त्र (आवेष्टित वस्तू) नियम, २०११ मध्ये हे स्पष्ट आहे. किमतीत सगळे कर धरलेले असतात. घरपोच आणण्याचा खर्च वेगळा लावता येतो, पण तो वेगळा दिसला पाहिजे.

मग ८९९ कसे लावतात? युक्ती साधी आहे. पानावर 'एमआरपी' नावाचा जो आकडा खोडलेला दिसतो तो विकणाऱ्यानेच भरलेला असतो. पाकिटावर १७९ आणि पानावर १,४९९. मग १,४९९ वर ४० टक्के सूट दाखवली की ८९९ स्वस्त वाटू लागतात. सूट खरी आहे की नाही हे त्या खोडलेल्या आकड्यावरून कधीच कळत नाही. पाकिटाच्या मागच्या फोटोवरून कळतं.

म्हणून मी नेहमी मागचा फोटो शोधते. विकणाऱ्याने दिला नसेल तर ग्राहकांनी अभिप्रायात टाकलेले फोटो उघडते. लोक घरी पार्सल आल्यावर पुढून-मागून फोटो काढतात आणि त्यांना कल्पनाही नसते की कोण्या खेड्यातली बाई त्यावरची बारीक अक्षरं मोठी करून वाचते आहे. अभिप्रायांच्या तारखाही पाहा. एकाच पानावर जुन्या अभिप्रायात 'दीडशेत चांगली गाडी' आणि आज भाव नऊशे, असं मला तीनदा तरी सापडलं आहे. पान तेच, गाडी तीच.

बाहेरून आयात झालेल्या खेळण्यावर आयात करणाऱ्याचं नाव, पत्ता आणि किंमत यांचा चिकटवलेला कागद असायला हवा. तो नसेल तर माल आडवाटेने आलेला असू शकतो. तिथे छापील किंमतच नाही, त्यामुळे विकणारा मोकळा सुटतो. अशा वस्तूपासून मी गावातल्या माणसाला लांबच ठेवते.

'आयातीवर टॅक्स लई वाढला ताई' हे कारणही कानावर येतं. त्यात तथ्य आहे : खेळण्यांवरचं मूळ सीमाशुल्क फेब्रुवारी २०२० मध्ये २० वरून ६० टक्के झालं आणि २०२३ मध्ये ७० टक्के. पण ते शुल्क आयात करतानाच भरलेलं असतं, छापील किमतीत धरलेलं असतं. ते कारण सांगून छापील किमतीच्या पाचपट मागता येत नाही. उलट २२ सप्टेंबर २०२५ पासून बिगर-इलेक्ट्रॉनिक खेळण्यांवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला आहे.

मागितलेला भाव आणि झालेला भाव

हे समजायला आपल्या लोकांइतकं लायक कोणी नाही, असं मला मनापासून वाटतं. कापूस घेऊन बाजार समितीत उभा राहिलेला माणूस जाणतो की 'मला आठ हजार पाहिजेत' म्हटल्याने आठ हजार मिळत नाहीत. हर्रास होते, बोली लागते, शेवटची बोली जिथे थांबते तो भाव. बाकी सगळी इच्छा.

ऑनलाइन खेळण्याच्या बाजारात हर्रास दिसत नाही. दिसते ती फक्त विकणाऱ्याची इच्छा. दहा जणांनी दहा ठिकाणी ९०० लिहिलं की आपल्याला वाटतं, भावच नऊशे आहे. पण त्या दहांतली एकही गाडी विकली गेली नसेल. कित्येकदा ते दहा जणही खरे दहा नसतात. फोटो एकच, वर्णन एकच, चूकसुद्धा एकच. त्यातल्या बऱ्याच जणांकडे वस्तू नसतेच. तुमची ऑर्डर आली की ते दुसरीकडून घेतात आणि मधले पैसे ठेवतात. काहींचा माल संपलेला असतो, पण पान बंद पडू नये म्हणून ते भाव मुद्दाम आभाळाला नेऊन ठेवतात, कोणी घेऊच नये म्हणून. आणि दुसऱ्याचा भाव पाहून आपला भाव आपोआप ठरवणारी यंत्रंही असतात. २०११ मध्ये अमेरिकेत माशीवरच्या एका शास्त्रीय पुस्तकाचा भाव असाच दोन विक्रेत्यांच्या यंत्रांनी एकमेकांकडे बघत वाढवत नेला, २ कोटी ३६ लाख डॉलरच्या वर. ते पुस्तक त्या भावाला कोणीच मागितलेलं नव्हतं.

मग झालेला भाव कुठे सापडतो? ईबे या नव्या-जुन्या वस्तू विकणाऱ्या परदेशी साइटवर 'सोल्ड आयटम्स' अशी निवड करता येते. ती लावली की फक्त विकल्या गेलेल्या वस्तू आणि त्यांचे भाव दिसतात. ईबेची भारतातली साइट २०१८ मध्ये बंद झाली, पण परदेशातली पाहायला पैसे लागत नाहीत. तिथला भाव जसाच्या तसा आपल्याकडे लावू नका. पण एखादी गाडी तिथे दोन-तीन डॉलरला विकली जात असेल तर ती दुर्मीळ नाही, एवढं तर सिद्ध होतं. दुसरं साधन म्हणजे भावाचा आलेख दाखवणाऱ्या सोयी. कीपा या साइटसारख्या सोयीत भारतातल्या अ‍ॅमेझॉनवरच्या वस्तूचा मागच्या महिन्यांतला चढउतार रेघेत दिसतो. आजींच्या गाडीची रेघ मी पाहिली तेव्हा ती बराच काळ दीडशे ते दोनशेच्या मध्ये आडवी होती आणि दिवाळीच्या आधी एकदम उभी झाली होती. शेताच्या बांधासारखी सपाट रेघ आणि शेवटी विजेचा खांब.

तिसरं साधन माझी वही. शंभर पानी, शाळेची. ज्या खेळण्याची चौकशी येते त्याचं नाव लिहिते आणि दर सोमवारी भाव टाकते. चार-पाच सोमवार झाले की खेळण्याचा स्वभाव कळतो. आलेख न समजणाऱ्या माणसाला ही वही दाखवली की तो लगेच समजतो, कारण अडत्याकडच्या वहीत त्याने आयुष्यभर हेच पाहिलेलं असतं.

भाव का फुगतो आणि कधी उतरतो

हे मी माझ्या पैशाने शिकले. २०२२ च्या तान्ह्या पोळ्याला, म्हणजे लेकरांच्या लाकडी बैलांच्या सणाला, भाच्याला घरोघरी नंदी फिरवून बोजारा, म्हणजे खाऊचे पैसे, मिळाला होता. त्यात मी भर घातली आणि त्याला हवी असलेली एक छोटी गाडी १,२५० रुपयांना मागवली. 'शेवटचे २ नग' असं लिहिलेलं होतं. पाच आठवड्यांनी वर्ध्याला गेले तर एका दुकानात ती खुंटीला टांगलेली, १४९ ला. एक नाही, सहा. मी तिथे बराच वेळ उभी होते. भाच्याने सहा-सात गावचे रस्ते तुडवले नव्हते, पण आपल्या गावातली सगळी दारं त्याने लाकडी बैल ओढत केली होती. त्या लेकराचा बोजारा माझ्या घाईने गेला.

ते कसं घडतं ते नंतर कळलं. कारखान्यातून साधारण ७२ गाड्यांचं खोकं निघतं. मोठ्या शहरात काही लोक दुकानात माल उतरायच्या वेळेलाच उभे असतात. खोकं फुटलं की त्यातल्या चांगल्या चार-पाच गाड्या तिथल्या तिथे उचलतात आणि संध्याकाळी फोनवर पाचपट भावाने टाकतात. सिनेमाच्या तिकिटांचा ब्लॅक जसा चालायचा तसाच. पण तिकिटाचा खेळ संपला की तिकीट मातीमोल होतं, आणि गाडीचं दुसरं खोकं येतं. त्यांचा धंदा त्या मधल्या पाच-सात आठवड्यांवर चालतो. तुम्ही तेवढे आठवडे काढले की त्यांच्या हातात काही उरत नाही.

लाबूबूचंही हेच झालं. जून २०२५ मध्ये कंपनीने मोठा साठा पुन्हा विक्रीला काढला आणि चीनमधल्या फेरविक्रीचे भाव झपकन खाली आले. त्याआधी पंचवीस-तीस वर्षांपूर्वी अमेरिकेत बीनी बेबीज नावाच्या कापडी खेळण्यांचं असंच वेड होतं. १९९३ मध्ये आलेली ही पाच डॉलरची खेळणी लोकांनी म्हातारपणाची पुंजी म्हणून कपाटात भरली. १९९९ मध्ये लास वेगासला एका घटस्फोटित जोडप्याने न्यायालयाच्या फरशीवर बसून ती एकेक करून वाटून घेतली. आज त्यातली बहुतेक काही डॉलरला मिळतात.

आपल्याकडे लांब जायची गरज नाही. पोळ्याच्या आधीच्या बाजारात लाकडी नंदीचा भाव विचारा आणि तान्ह्या पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी विचारा. सहाशेचा साडेतीनशेला देतात, कारण आता वर्षभर कोण घेतो? ज्याला पुढच्या वर्षी हवा आहे तो शहाणा माणूस त्या दिवशी घेतो.

नंदीवरून आठवलं, हेही सांगितलंच पाहिजे. आमच्या शेजारच्या गावच्या सुताराकडून एका शहरी माणसाने पाच सागवानी नंदी पाचशे-पाचशेला नेले. दोन महिन्यांनी मला त्यातला एक ऑनलाइन दिसला. गळ्यातल्या घुंगरांची माळ मी ओळखली, कारण ती मीच आणून दिली होती. नाव : 'अँटिक ट्रायबल बुल, हँडकार्व्ड'. भाव चार हजार. लाकूड मुद्दाम काळपट केलं होतं. सुतारकाकाजींना दाखवलं तर ते बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, "अँटिक म्हणजे किती जुना व? म्या त आषाढात केला हा." फुगलेला भाव घेणाऱ्यालाच लुटतो असं नाही. ज्याने हाताने वस्तू घडवली त्यालाही ते साडेतीन हजार कधी दिसत नाहीत. आता काकाजी प्रत्येक नंदीच्या पोटाखाली सन आणि गावाचं नाव कोरतात. ज्यांच्या गावात अशी खेळणी बनतात त्यांनी आपल्या सुताराला एवढं करायला नक्की सांगावं.

खरंच महाग असतं तेव्हा

सगळेच महाग भाव खोटे असतात असं मी म्हणत नाही. जे पुन्हा बनणार नाही आणि मोजकंच उरलं आहे, त्याला किंमत असते. हॉट व्हील्सच्या १९६९ च्या एका व्हॅनचा गुलाबी नमुना, मागच्या काचेतून लाटांवर खेळायच्या फळ्या (सर्फबोर्ड) आत सरकवलेला, कधी दुकानात आलाच नाही, म्हणून त्याचा भाव एक लाख डॉलरच्या वर सांगतात. आपल्या घरांतही काही असू शकतं. १९८०-९० च्या काळात मॅटेलच्या गाड्या भारतातच 'लिओ' या नावाखाली निघत. तळावर 'मेड इन इंडिया' असतं. जगभरातले गोळा करणारे त्या शोधतात. तुमच्या माळ्यावर, जुन्या ट्रंकेत अशी गाडी सापडली तर भंगारवाल्याला वीस रुपयांत देऊ नका, आणि कोणी फोन करून 'पाचशे देतो, आत्ता द्या' म्हणाला तरी घाई करू नका. वर सांगितलेला विकल्या गेलेल्या वस्तूंचा भाव आधी पाहा. रंग देऊन चकाचक करू नका, जुना रंगच तिची किंमत असतो.

नकली माल

इथे थोडक्यात. महाग भावाने नकली वस्तू मिळणं हे दुहेरी नुकसान. खेळण्यांना १ जानेवारी २०२१ पासून आयएसआय चिन्ह सक्तीचं आहे, १४ वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांना. चिन्हाखाली 'सीएम/एल' ने सुरू होणारा परवाना क्रमांक असतो. तो 'बीआयएस केअर' या सरकारी अ‍ॅपमध्ये टाकला की कंपनीचं नाव येतं. नाव जुळलं नाही तर वस्तू परत. लाबूबूला नऊ दात असतात. नकलेत कमी-जास्त निघतात, चेहऱ्याचा रंग वेगळा किंवा चेहरा वाकडा असतो. छोट्या गाडीच्या बाबतीत पाकिटाची प्लास्टिकची कड पाहा. गरम करून पुन्हा चिकटवलेली असेल तर पुठ्ठा तिथे सोललेला दिसतो. साध्या गाडीला रबरी चाकं बसवून 'सुपर' म्हणून विकणारे आहेत, तेव्हा पुठ्ठ्यावरचं सोनेरी चिन्ह पाहिल्याशिवाय एक रुपयाही जास्त देऊ नका.

पार्सल फोडताना व्हिडिओ काढा. पत्ता दिसेल असं आधी, मग टेप फाडताना, मग वस्तू, मग मागची छापील किंमत. सलग, मध्ये न थांबवता. माझ्या दुकानात आता प्रत्येक खेळणं असंच उघडलं जातं.

इन्स्टाग्रामवर 'बुकिंग चालू, अर्धे पैसे आधी' म्हणणाऱ्या अनोळखी खात्याला मी पैसे पाठवत नाही. कोणी मागवायला लावलं तरी नाही. दुकानाचं नाव, पत्ता, बिल देत नसेल तर तो दुकानदार नाही. पैसे गेलेच तर वेळ न घालवता १९३० वर फोन करा, तो सायबर फसवणुकीसाठीचा क्रमांक आहे. पहिल्या काही तासांत कळवलं तर पैसे मध्येच अडवले जाण्याची शक्यता असते.

जास्त घेतले असतील तर

आधी परत करा. परत घेण्याची मुदत पानावर लिहिलेली असते, तेवढ्या दिवसांत 'छापील किमतीपेक्षा जास्त घेतले' हे कारण लिहून, फोटो जोडून विनंती टाका. पाकीट फोडू नका, लेकराला समजावा. विकणाऱ्याने ऐकलं नाही तर ज्या ऑनलाइन बाजारपेठेतून घेतलं तिच्या तक्रार अधिकाऱ्याला लिहा. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० प्रमाणे त्याने ४८ तासांत पोच द्यायची असते आणि महिनाभरात निकाली काढायचं असतं.

तिथेही काही हललं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, १९१५. मराठीत बोलता येतं. बिल, पाकिटाच्या मागचा फोटो आणि पानाचा स्क्रीनशॉट जवळ ठेवून फोन करा, कारण ते तेच विचारतात. मी गावातल्या एका भाऊंसाठी केला होता. ६४० रुपये जास्त घेतले होते, अठराव्या दिवशी परत आले. जिल्ह्याच्या वैध मापन कार्यालयातही अर्ज देता येतो, आपले जुने लोक त्याला वजनमापेवाले म्हणतात. शेवटचा मार्ग जिल्हा ग्राहक आयोगाचा. पाच लाखांपर्यंतच्या वस्तूसाठी शुल्क नाही, वकील लागतोच असं नाही, आणि घटनेपासून दोन वर्षांच्या आत तक्रार करायची असते. 'सातशे रुपयांसाठी कोण जातं' असं लोक म्हणतात. सातशे रुपयांसाठी आजी बहात्तर किलो कापूस वेचतात, तर मी एक अर्ज का लिहू नये?

त्या लाल गाडीचं

चार दिवसांनी, शनिवारी आजी नातवाला घेऊन आल्या. लाल गाडी मिळाली नव्हती. पुलगावच्या एका दुकानात तीच गाडी निळ्या रंगात होती, छापील किमतीला. फोनवर फोटो मागवून मी पोराला दाखवला. त्याने मान हलवली. त्याला लालच हवी होती. मी त्याच्यासमोर वही उघडली, गाडीचं नाव मोठ्या अक्षरात लिहिलं आणि सांगितलं की दर सोमवारी शाळा सुटल्यावर यायचं, भाव तूच लिहायचा. पहिले दोन सोमवार तो तोंड पाडून आला. तिसऱ्या सोमवारी पाच वाजता मी दुकान बंद करत होते तर धावत आला, "ताई, आजचा राहिला ना व!" ८९९, ८९९, ८४९, ६९९. मध्ये एकदा ७४९. आकडे उतरायला लागले तसा तो स्वतःच म्हणायला लागला, अजून थांबू. दुसऱ्या पोरांनाही घेऊन यायचा. आता त्या वहीत सहा पोरांच्या सहा गाड्या आहेत आणि एक भोवरा.

जानेवारीच्या दुसऱ्या सोमवारी नवीन माल आला. वहीत त्याच्या अक्षरात आहे : लाल, १७९, आणायचे ४०.

पार्सल आलं त्या दिवशी आजी पुन्हा वेचणीवरूनच आल्या, शेवटची फरदड चालू होती. त्यांना अक्षरं येत नाहीत, पण आकडे येतात. वेचाईचा हिशेब त्या स्वतः ठेवतात. पाकीट हातात घेऊन त्यांनी आधी गाडी पाहिली नाही. उलटं करून विचारलं, "कुठं लिवलं हाय थे?" मी बोट ठेवलं. त्यांनी तिथे नखाने खूण केली, १७९ खाली, मग बटवा सोडला, दोनशे एकोणीस मोजून टेबलावर ठेवले आणि पाकीट नातवाच्या हातात दिलं.